पंचेचाळीस तिकडचे, वीस इकडचे

अमेरिकेतल्या पुस्तकवेड्यांचा एक ठरलेला नाद आहे. जॉर्ज वॉशिंग्टनपासून सुरुवात करायची आणि एकेका अध्यक्षाचं एकेक चरित्र वाचत आजच्या अध्यक्षापर्यंत यायचं. कुणाला त्यात वर्षानुवर्षं जातात, कुणाची गाडी जॉन टायलरपाशीच रुळावरून घसरते. आकडा सांगताना मात्र जपून. ट्रम्प ४७वे अध्यक्ष, पण माणसं ४५च. ग्रोव्हर क्लीव्हलँड जिंकले, हरले, पुन्हा जिंकले, म्हणून ते २२वे आणि २४वेही. ट्रम्प यांनी तोच कित्ता गिरवला, ४५वे आणि ४७वे.

शहाडात राहणाऱ्याला असा नाद परवडतो, कारण कसारा लोकल आहे. सीएसएमटीपर्यंत चांगला सव्वा-दीड तास. कल्याणला चार उतरतात आणि चाळीस चढतात, तेवढ्यात कोपरा पकडता आला की एक प्रकरण सहज होतं. अडचण जाडीची. अमेरिकन चरित्रं नऊशे-हजार पानांच्या खाली येत नाहीत आणि कांजूरमार्गच्या आसपास मनगट कुरकुरायला लागतं. मराठीत लिंकन मिळतो (वि. ग. कानिटकरांनी त्याचं चरित्र लिहिलंय), वॉशिंग्टन, केनेडी, ओबामा मिळतात. मिलर्ड फिलमोर आणि चेस्टर आर्थर मला तरी मराठीत भेटलेले नाहीत. त्यांची कुणी वाट पाहत असेल असंही वाटत नाही.

म्हणून मी या नादाला एक जोड दिली. तिकडचा एक अध्यक्ष झाला की इकडचा एक मुख्यमंत्री. १ मे १९६० पासून आजवर महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदाच्या खुर्चीत बसलेली माणसं, दहा दिवसांचे पी. के. सावंत धरून, बरोब्बर वीस. यादी छोटी, पण गमतीजमतींत ही वीस माणसं त्या पंचेचाळिसांना हार जात नाहीत. हार जातात ती पुस्तकांच्या बाबतीत.

ग्रँटसाहेबांची गाडी

आधी हद्दीतलं. मुंबई-ठाणे पहिली आगगाडी धावली त्या एप्रिल १८५३ मध्ये व्हाइट हाउसमध्ये नुकतेच फ्रँकलिन पियर्स आले होते. रूळ कल्याणला पोचले १ मे १८५४ ला, तेव्हाही तेच. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, म्हणजे चक्क लिंकनच्या काळातलं. तिकडे यादवी युद्ध पेटलेलं आणि इकडे कल्याणकर वाचनालय काढताहेत! ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, म्हणजे क्लीव्हलँड यांच्या दुसऱ्या खेपेचं.

आता लिंकनचा सेनापती. युलिसिस ग्रँट यांनी यादवी युद्ध जिंकलं आणि पुढे १८६९ ते १८७७ अशी आठ वर्षं अध्यक्षपद भोगलं. नेमक्या त्याच काळात, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. पद सुटल्यावर ग्रँट जगप्रवासाला निघाले आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले. तिथून आगगाडीने जबलपूरकडे गेले. त्या वेळी जबलपूरला जायचं तर कल्याण, कसारा, इगतपुरी हाच रस्ता. म्हणजे अमेरिकेचा एक माजी अध्यक्ष आमच्या शहाडवरून गेला आहे. थांबला नाही म्हणून काय झालं, आमच्याकडे लांब पल्ल्याच्या गाड्या अजूनही थांबत नाहीत.

ग्रँट यांचं पुढचं आयुष्य कादंबरीसारखं. शेअर बाजारातल्या भागीदाराने बुडवलं, घशाला कर्करोग झाला, बायकोच्या पोटापाण्याची सोय व्हावी म्हणून ते आठवणी लिहायला बसले आणि हस्तलिखित हातावेगळं करून काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ ला वारले. प्रकाशन संस्था होती मार्क ट्वेनची. पुस्तक धो धो खपलं. गंमत अशी की त्या दोन खंडांत लहानपण आहे, मेक्सिकोची लढाई आहे, यादवी युद्ध तर इत्थंभूत आहे, पण आठ वर्षांचं अध्यक्षपद नाही!

मला हे वाचताना लगेच ‘कृष्णाकाठ’ आठवलं. यशवंतराव चव्हाणांचं हे आत्मचरित्र १९८४ साली आलं. बेत तीन खंडांचा होता. ‘कृष्णाकाठ’ कराडपर्यंतचा, ‘सागरतीर’ मुंबईचा, ‘यमुनाकाठ’ दिल्लीचा. पहिला खंड १९४६ पाशी थांबतो आणि त्याच १९८४ च्या २५ नोव्हेंबरला यशवंतराव गेले. त्यामुळे महाराष्ट्राच्या पहिल्या मुख्यमंत्र्याच्या आत्मचरित्रात मुख्यमंत्रिपदाचा एकही दिवस नाही. मंगल कलश नाही, हिमालयाच्या हाकेला धावलेला सह्याद्री नाही.

पण जे आहे ते सोन्यासारखं. देवराष्ट्रे गावात जन्म. बाळंतपण अवघड, आई अडलेली, आजीने सागरेश्वराला साकडं घातलं की यश दे, तुझी आठवण म्हणून मुलाचं नाव यशवंत ठेवीन. पुढे कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षकांनी मुलांना चिठ्ठीवर लिहायला सांगितलं, मोठेपणी कोण होणार? कुणी टिळक लिहिलं असेल, कुणी आणखी कुणी. या पोराने लिहिलं, मी यशवंतराव चव्हाण होणार. गुरुजींना हा आगाऊपणा वाटला. माझ्या मते मुख्यमंत्र्यांच्या बालपणींतला हा सर्वांत भारी प्रसंग आहे, आणि तो ज्याने लिहिला त्यालाच पुढचं लिहायला सवड मिळाली नाही. उरलेले यशवंतराव मग इतरांच्या पुस्तकांतून गोळा करावे लागतात. रामभाऊ जोशींचं ‘यशवंतराव : इतिहासाचे एक पान’ आहे, गोविंद तळवलकरांनीही लिहिलंय. हे तळवलकर जन्माने डोंबिवलीचे आणि शेवटची वर्षं राहिले अमेरिकेत, ह्यूस्टनला. माझ्या दोन्ही याद्यांना इतका सोयीचा लेखक दुसरा नाही.

नोव्हेंबर १९६३

तारखांचा छंद असेल त्याने हे जरूर वाचावं. २२ नोव्हेंबर १९६३ ला पूंछमध्ये हेलिकॉप्टर कोसळून लष्कराचे आणि हवाई दलाचे वरिष्ठ अधिकारी एका फटक्यात गेले. संरक्षणमंत्री होते यशवंतराव. त्याच तारखेला दुपारी साडेबाराला डॅलसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. तिथले साडेबारा म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीचे ठोक बारा. आणि २४ नोव्हेंबरला मुंबईत मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार वारले, पदावर असतानाच. महाराष्ट्रात पदावर असताना मृत्यू आलेले ते एकमेव मुख्यमंत्री.

त्या आठवड्याचं कुठलंही वर्तमानपत्र डोळ्यांसमोर आणा. केनेडी, जॉन्सन, ऑस्वाल्ड यांच्या गर्दीत चांद्याच्या या गरिबीतून वर आलेल्या माणसाला किती रकाने मिळाले असतील? आज कन्नमवार म्हटलं की बहुतेक मुंबईकरांना विक्रोळीचं कन्नमवार नगर आठवतं आणि तिथला वडापाव.

वॉशिंग्टनला केनेडींची अंत्ययात्रा निघाली त्या २५ नोव्हेंबरला इकडे पी. के. सावंत यांनी हंगामी कारभार हाती घेतला. ५ डिसेंबरला वसंतराव नाईक आले आणि सावंतांचा खेळ आटोपला. अमेरिकेत या खात्यात विल्यम हेन्री हॅरिसन. मार्च १८४१ मध्ये थंडीवाऱ्यात जवळजवळ दोन तास भाषण ठोकलं आणि महिन्याभरात गेले. अर्थात आपल्याकडे याहून झटपट प्रयोग झालाय. २३ नोव्हेंबर २०१९ ला सकाळी आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीसांची शपथ आणि २६ ला राजीनामा. लोक चहा पिऊन टीव्ही लावतात तोवर सरकार झालेलं होतं. नोव्हेंबर महिना राजकारण्यांनी जरा जपून काढावा.

लांब पल्ल्याचे

दुसऱ्या टोकाला वसंतराव नाईक. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, बंजारा समाजातले, तोंडात पाइप. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५, सलग अकरा वर्षांहून जास्त. या विक्रमाच्या आसपाससुद्धा अजून कुणी आलेलं नाही. तिकडे फ्रँकलिन रूझवेल्ट बारा वर्षं राहिले तर अमेरिकेने घाबरून राज्यघटनाच दुरुस्त केली, दोनदाच्या वर निवडून यायचं नाही म्हणून. आपल्याकडे अशी दुरुस्ती लागतच नाही. ते काम दिल्लीचे श्रेष्ठी करत आले.

१९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यासमोर नाईकांनी जाहीर केलं होतं की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फासावर चढवा. असं बोलणारा नेता आज दाखवा. पुढे १९७२ चा दुष्काळ त्यांच्याच वाट्याला आला आणि त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली. त्यांचा वाढदिवस, १ जुलै, राज्यात कृषी दिन म्हणून पाळतात. त्यांच्यानंतर पाच वर्षांची मुदत सलग पुरी केली ती थेट देवेंद्र फडणवीसांनी, २०१४ ते २०१९. आणि २०२४ साली फडणवीस पुन्हा शपथ घ्यायला उभे राहिले ती तारीख कोणती? ५ डिसेंबर, नाईकांचीच.

९ फेब्रुवारी

४५ अमेरिकन अध्यक्षांत जन्मतारीख जुळणारी जोडी एकच, पोक आणि हार्डिंग, दोघे २ नोव्हेंबरचे. आपल्या विसांत? बॅरिस्टर अंतुले ९ फेब्रुवारी १९२९. शिवाजीराव पाटील निलंगेकर ९ फेब्रुवारी १९३१. एकनाथ शिंदे ९ फेब्रुवारी १९६४. एकाच तारखेचे तीन! वीस माणसांत तिघांचा वाढदिवस एका दिवशी येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. ९ फेब्रुवारीला मूल झालं तर आईबापांनी बारशालाच पांढरा सदरा शिवून घ्यावा.

आडनावांतही आपण पुढे. अमेरिकेत अॅडम्स, हॅरिसन, जॉन्सन, रूझवेल्ट, बुश अशा पाच दुक्कली. आपल्याकडे चव्हाण एकटेच चार, यशवंतराव, शंकरराव, अशोक, पृथ्वीराज. शिवाय दोन नाईक, दोन शिंदे. अॅडम्स आणि बुश यांच्यासारखी बाप-लेकाची जोडी शंकरराव आणि अशोक चव्हाणांची. वसंतराव आणि सुधाकरराव नाईक काका-पुतणे. काका-पुतण्यांचं महाराष्ट्राला एकूणच वेड, पण दोघांनाही ही खुर्ची मिळाली ती एवढ्याच जोडीला.

व्हर्जिनियात आठ अध्यक्ष जन्मले, म्हणून तिकडे त्या राज्याचा फार तोरा. आमचा सातारा बघा. यशवंतराव (देवराष्ट्रे तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं), बाबासाहेब भोसले, पृथ्वीराज चव्हाण आणि मूळगाव दरे असलेले एकनाथ शिंदे. वीसपैकी चार एका जिल्ह्याचे. ठाणे जिल्ह्याला मात्र २०२२ उजाडेपर्यंत थांबावं लागलं आणि तेव्हाही निम्मा हक्क सातारकर सांगतातच.

शाळा, कॉलेज, तुरुंग

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेच्या कचेरीत भिंतीकडे बघा. लिंकनचं हेडमास्तरांना पत्र फ्रेममध्ये टांगलेलं असतं. मराठीत त्याला रूप दिलं वसंत बापटांनी. आता बातमी अशी की लिंकनच्या संग्रहित लेखनात हे पत्र कुठेही नाही. आपल्या तीन पिढ्या ज्या पत्रामुळे लिंकनला ओळखतात, ते त्याने लिहिल्याचा पुरावाच नाही. फ्रेम काढायला मात्र कुणी सांगू नये, मजकूर चांगला आहे.

हेडमास्तर म्हणून प्रसिद्ध असलेले मुख्यमंत्री आपल्याकडे होतेच, शंकरराव चव्हाण. शिस्तीचे कडक, वेळेचे पक्के. ‘सचिवालया’च्या पाटीवर ‘मंत्रालय’ आलं ते त्यांच्याच कारकिर्दीत, १९७५ मध्ये.

वसंतदादा पाटलांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. १९८३ मध्ये विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना दारं उघडली ती याच दादांनी. आज कल्याण-डोंबिवलीत दगड मारला तर इंजिनिअरला लागतो, त्याचं मूळ सांगलीच्या या सातवी पास माणसापाशी आहे. अमेरिकेत यांच्या शेजारी अँड्र्यू जॉन्सनला बसवता येईल. तो शाळेची पायरीही चढला नव्हता आणि धंद्याने शिंपी होता.

पण दादांची खरी गोष्ट २४ जुलै १९४३ ची. सांगलीचा तुरुंग किल्ल्यात, भोवती खंदक. दादा आणि साथीदारांनी पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावल्या आणि दिवसाढवळ्या तटावरून खाली उड्या टाकल्या. पाठीवर पोलीस, गोळीबार. दोन साथीदार मारले गेले, दादांच्या खांद्यात गोळी घुसली आणि ते पकडले गेले. चाळीस वर्षांनी हाच माणूस मंत्रालयात बसून कॉलेजांच्या फायलींवर सह्या करतोय. असा प्रसंग एखाद्या अध्यक्षाच्या आयुष्यात असता तर हॉलिवूडने त्यावर चार सिनेमे काढले असते.

सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या कोर्टात शिपाई होते, मग पोलिसात सबइन्स्पेक्टर, मग मुख्यमंत्री, मग राज्यपाल, मग देशाचे गृहमंत्री. पोलीस खात्यात एवढं प्रमोशन कुणाला मिळालं नसेल. पृथ्वीराज चव्हाण बर्कलीला शिकलेले इंजिनिअर. पीएचडी झालेला अमेरिकन अध्यक्ष एकच, वुड्रो विल्सन. आपल्याकडे मनोहर जोशी. कोहिनूर क्लास काढलेल्या जोशी सरांनी उतारवयात शिवसेनेवरच प्रबंध लिहिला आणि डॉक्टर झाले. आणि रिक्षा चालवलेल्या एकनाथ शिंद्यांनी बी.ए. पुरं केलं २०२० मध्ये, मंत्री असताना, ७७ टक्क्यांवर गुण मिळवून. विद्यापीठ कुठलं, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ.

पुस्तकं आणि भूकंप

सर्वांत तरुण अमेरिकन अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट, ४२ वर्षांचे. शरद पवार १८ जुलै १९७८ ला मुख्यमंत्री झाले तेव्हा ३७ पुरे होऊन ३८वं चालू होतं. त्यांच्या त्या मंत्रिमंडळात अर्थखातं सांभाळायला कोण? माजी मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण. हेडमास्तर ज्युनिअरच्या हाताखाली! पुढे ही प्रथाच पडली. राणे विलासरावांच्या मंत्रिमंडळात, अशोक चव्हाण उद्धव ठाकऱ्यांच्या, फडणवीस शिंद्यांचे उपमुख्यमंत्री आणि मग उलटं, शिंदे फडणवीसांचे. अमेरिकेत पद गेल्यावर खालच्या सभागृहात परत निवडून गेलेला अध्यक्ष एकच, जॉन क्विन्सी अॅडम्स, आणि त्याचं तिकडे केवढं कौतुक.

पवारांचं ‘लोक माझे सांगाती’ २०१५ मध्ये आलं. २ मे २०२३ ला वाढीव आवृत्तीचं प्रकाशन मुंबईत यशवंतराव चव्हाण केंद्रात झालं आणि त्याच व्यासपीठावरून त्यांनी पक्षाचं अध्यक्षपद सोडल्याचं जाहीर केलं. सभागृहात रडारड. ५ मे ला निर्णय मागे. त्या तीन दिवसांत पुस्तकात काय लिहिलंय हे कुणीही विचारलं नाही. नारायण राण्यांचं ‘झंझावात’ २०१९ चं, नावाला जागणारं. उद्धव ठाकऱ्यांची पुस्तकं मुख्यमंत्री व्हायच्या आधीची आणि फोटोंची, ‘महाराष्ट्र देशा’ आणि ‘पहावा विठ्ठल’. विठ्ठल पाहायचा तर आमच्या शहाडच्या बिर्ला मंदिरातही छान दिसतो, हे जाता जाता.

अशोक चव्हाणांनी लिहायला हवं. ६ नोव्हेंबर २०१० ला त्यांनी मुंबई विमानतळावर ओबामांचं स्वागत केलं. ‘आदर्श’ प्रकरणामुळे खुर्ची आधीच डळमळत होती. दुसऱ्या दिवशी ओबामा शाळकरी मुलांबरोबर कोळीनृत्यावर थिरकले आणि दिल्लीला गेले. ९ तारखेला चव्हाणांचा राजीनामा. माझ्या दोन्ही याद्यांमधली माणसं धावपट्टीवर समोरासमोर आली ती अशी.

बाबासाहेब भोसल्यांवर तर कुणीतरी जाडजूड लिहावं. २१ जानेवारी १९८२ ला आले तेव्हा गिरणी संप सुरू होऊन तीन दिवस झालेले. ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनीच बंड केलं. पक्षातली बंडं वेगळीच. एवढ्या धबडग्यात या बॅरिस्टरची विनोदबुद्धी शाबूत होती. पद गेल्यावर त्यांनी सांगितलं म्हणतात की आता मला ‘माजी मुख्यमंत्री’ हे पद मिळालंय आणि ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

यादीत आता राहिले पी. के. सावंत. दहा दिवसांच्या मुख्यमंत्र्याचं चरित्र कुठल्या वाचनालयाच्या कपाटात असेल तर वाचायला मी एका पायावर तयार आहे. सकाळच्या कसारा लोकलमध्ये तसंही एकाच पायाला जागा मिळते.